न झालेल्या आजाराची मजुरी

२०२५ च्या नोव्हेंबरात न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग रीतसर स्थापन झाला आणि अहवाल सादर करण्यास त्याला अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्याबरोबर कर्मचारी संघटनांच्या कचेऱ्यांतून निवेदनांचे मसुदे तयार होऊ लागले. टपाल, रेल्वे, महसूल, शिक्षण या प्रत्येक खात्याचा कैवारी असतो आणि तो आपल्या खात्याची बाजू हिरिरीने मांडतो. परंतु अशा निवेदनांच्या चळतीत ज्यांच्यासाठी सहसा एक परिच्छेदही खर्ची पडत नाही, असा एक कर्मचारीवर्ग प्रत्येक रुग्णालयात राबत असतो. रुग्णालयात आलेल्या माणसाला रुग्णालयातूनच नवा आजार जडू नये, एवढेच त्याचे काम. संसर्ग प्रतिबंधाचे काम करणाऱ्या परिचारिका, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे परिचर, रक्ताने माखलेल्या चादरी धुणारे धोबीखान्यातील कामगार, फरशी, संडास आणि कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या सांभाळणारे सफाई कामगार, ही सारी साखळी या वर्गात मोडते. यांच्या पगाराचा प्रश्न हा केवळ त्यांच्या पोटापुरता नाही. खाटेवर पडलेल्या प्रत्येक गरीब रुग्णाच्या जिवाशी तो बांधलेला आहे.

या कामाची एक मूळची अडचण अशी की, ते उत्तम झाले तर दिसत नाही. शल्यविशारदाने पोटातून काढलेला खडा नातेवाइकांना बशीत ठेवून दाखविता येतो. परिचारिकेने वेळीच मूत्रनलिका काढावयास लावल्यामुळे न झालेला जंतुदोष कोणाला दाखविणार? टळलेल्या आजाराची पावती फाटत नाही आणि ज्याची पावती फाटत नाही त्याला बाजारात किंमत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस याने डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुण्यास भाग पाडले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरांतील अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनपासून ते प्रमाण दोनच्या आसपास आले. एवढी कामगिरी करणाऱ्या माणसाची नेमणूक १८४९ साली मुदत संपताच पुढे चालू ठेवण्यात आली नाही. जगातील पहिल्या संसर्ग प्रतिबंधकाला कंत्राटी कामगाराचाच अनुभव आला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९५९ साली, इंग्लंडमधील टॉर्बे रुग्णालयात केवळ याच कामासाठी पहिली परिचारिका नेमली गेली. त्यानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने देशभरच्या रुग्णालयांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला आणि त्याचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णालयांत दर अडीचशे खाटांमागे एक संसर्ग नियंत्रण परिचारिका, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि नियमित देखरेख होती, तेथे रुग्णालयजन्य संसर्ग शेकडा ३२ ने घटला. जेथे अशी व्यवस्था नव्हती तेथे तो शेकडा १८ ने वाढला. म्हणजे हे काम धर्मादाय नव्हे, शास्त्रसिद्ध आहे, हे चाळीस वर्षांपूर्वीच निर्विवाद ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली अडीचशे खाटांमागे एक ही किमान अट धरून शंभर खाटांमागे एक असे प्रमाण इष्ट ठरविले. या हिशेबाने हजार खाटांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास निदान चार, आणि खरे पाहता दहा परिचारिका या एकाच कामासाठी हव्यात. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन अशा किती आहेत आणि त्यांतील कितींना वॉर्डाच्या पाळीतून खरोखर मोकळे केले आहे, हे विचारून पाहावे. उत्तर ऐकण्यासारखे असेल.

याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सात जणांना तेथे संसर्ग जडतो. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना. असा संसर्ग झालेल्या दहांतील एक दगावतो. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे थेट मरण पावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. नवी प्रतिजैविके निघण्याचा वेग मंदावलेला असताना या जंतूंपुढे उरलेला भरवशाचा उपाय म्हणजे धुतलेला हात, उकळलेले हत्यार आणि पुसलेली फरशी. या तिन्हींच्या मागे माणूस असतो, आणि त्या माणसाचा पगार हाच येथे विषय आहे.

पगार कशावर ठरतो? अमेरिकेत या व्यवसायाची स्वतंत्र संघटना १९७२ पासून आहे; १९८३ पासून तेथे व्यावसायिक प्रमाणपत्राची परीक्षा घेतली जाते. तेथील संसर्ग प्रतिबंधकाचे वेतन शिक्षण, अनुभवाची वर्षे, हे प्रमाणपत्र, रुग्णालयाच्या खाटा, प्रांत व शहर यांवर कमी-अधिक होते. वरवर पाहता ही गुणवत्तेची शिडी वाटते. परंतु शिडी उभी राहण्यास खाली जमीन लागते, आणि ती जमीन कोणती हे पाहणे उद्बोधक आहे. २००८ च्या ऑक्टोबरपासून तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने असा नियम केला की, रुग्णालयात असताना जडलेल्या काही ठरावीक संसर्गांच्या उपचारासाठी रुग्णालयाला जादा पैसा मिळणार नाही. पुढे या बाबतीत सर्वांत वाईट ठरणाऱ्या चतुर्थांश रुग्णालयांच्या सरकारी देयकांतून शेकडा एक कपात होऊ लागली. तोवर संसर्ग रुग्णाच्या खिशातून जात होता, तो मालकाच्या खिशातून जाऊ लागला; आणि मग संसर्ग रोखणाऱ्याच्या खुर्चीला व्यवस्थापनाच्या टेबलाशी जागा मिळाली. भांडवलशाहीला नीतिमान होण्याची हौस नसते, पण नुकसानीचा हिशेब तिला चटकन कळतो.

आपल्याकडे या हिशेबाचे पारडे नेमके उलटे आहे. खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रियेची जखम चिघळली, की रुग्णाचा मुक्काम वाढतो, अतिदक्षता कक्षाचे दिवस वाढतात, महागड्या प्रतिजैविकांच्या कुप्या लागतात, तपासण्या पुन्हा होतात. हे सारे बिलात जमा होते आणि ते बिल सातबारा गहाण टाकून वा मंगळसूत्र मोडून फेडले जाते. ज्या धंद्यात मालाच्या दोषाचे पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल होतात, त्या धंद्यात दोष टाळणाऱ्या कामगाराला चांगला पगार देण्याची बुद्धी मालकाला कोठून व्हावी? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, तेव्हा तेथे तरी संसर्गाचा भार रुग्णालयावर पडावयास हवा. पण संसर्गाची नोंद ठेवणारी परिचारिका त्याच रुग्णालयाच्या पगारावर असते. तिने खरा आकडा लिहिला तर मालकाची बदनामी, खोटा लिहिला तर रुग्णाचा घात. पगाराची हमी आणि नोकरीचे संरक्षण नसलेल्या माणसाकडून सत्याची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे. म्हणूनच या पदाच्या वेतनाचा प्रश्न हा त्याच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न ठरतो.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी कागदावर काहीच झाले नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत दिलेल्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन द्यावे. शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांत ते शेकडा दहाहून अधिक आणि पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयांत शेकडा पंचवीसहून अधिक कमी नसावे. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना २० हजार रुपयांच्या खाली कोणी जाऊ नये, असे या समितीने सुचविले. शिफारशी राज्यांकडे गेल्या आणि बहुतेक ठिकाणी तेथेच राहिल्या. केरळात मात्र परिचारिकांनी संघटना उभारली, संप केले, लाँग मार्चची हाक दिली, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारला खाजगी रुग्णालयांसाठी २० हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळच्या कितीतरी मुली राबतात. त्यांनी ज्या राज्यात जन्म घेतला तेथे जे मिळाले ते ज्या राज्यात त्या घाम गाळतात तेथे मिळत नाही, आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला याची खंत वाटत नाही.

सरकारी नोकरीतही समता नाही. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या परिचारिकेची सुरुवात ४४,९०० रुपयांच्या मूळ वेतनाने झाली, महाराष्ट्र शासनाच्या परिचारिकेची ३५,४०० रुपयांनी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकेला ‘वेतन’ हा शब्दही लागू नाही. तिला ‘मानधन’ मिळते. (मान किती आणि धन किती, हे तिलाच विचारावे.) २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील परिचारिका खाजगी संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. २०२५ च्या जुलैमध्ये कंत्राटी भरती आणि वेतनत्रुटी यांसाठी त्यांना पुन्हा काम बंद ठेवावे लागले. पुढच्याच महिन्यात आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. या लढ्यांना पाठिंबा देताना एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. संसर्ग नियंत्रणाचे काम हे विशेष ज्ञानाचे काम आहे, त्यासाठी स्वतंत्र पद, स्वतंत्र श्रेणी आणि बढतीची वाट हवी, ही मागणी या लढ्यांच्या मागणीपत्रकांत ठळकपणे आली नाही. अनेक रुग्णालयांत हे काम एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेच्या गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून पडते. मानांकनाची तपासणी जवळ आली की तिला फाइली दिल्या जातात, तक्ते रंगविले जातात, भिंतीवर हात धुण्याची सात चित्रे चिकटतात. तपासनीस गेले की ती पुन्हा वॉर्डात इंजेक्शने देऊ लागते. २०२० च्या जानेवारीत केंद्राने संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती तत्त्वे अमलात आणणाऱ्या माणसाला काय द्यावे, याची तरतूद तत्त्वांनी होत नसते. त्यासाठी अर्थसंकल्पात रक्कम लागते.

परंतु या साखळीतील सर्वांत दुबळा आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा परिचारिकेच्याही खाली आहे. महाराष्ट्राच्या रुग्णालयांत त्यांना ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणतात. नात्याचा शब्द स्वस्त पडतो, वेतनश्रेणी महाग पडते. ही मावशी कायम नोकरीत असेल तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर असते, आणि तिची जागा रिकामी होताच ती कंत्राटदाराकडे जाते. नवा कामगार येतो तो निविदेतून. निविदा सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराला मिळते. कमी दर म्हणजे कमी माणसे, कमी फिनेल, फाटके हातमोजे आणि थकलेले भविष्य निर्वाह निधीचे हप्ते. कंत्राट बदलले की कामगार बदलतो किंवा तोच कामगार नव्या नावाने पहिल्या दिवसापासून नोकरीला लागतो. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण आणि काविळीची लस देणे बंधनकारक केले आहे. या काविळीच्या लशीच्या तीन मात्रा पुऱ्या होण्यास सहसा सहा महिने लागतात. तोवर कंत्राटदार टिकेल का आणि टिकला तर कामगार टिकेल का, हे कोणी पाहावयाचे? सुई टोचून घेण्याचा पहिला मान मात्र त्याचाच असतो, कारण कोणीतरी घाईत कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई त्याच्याच हाताला लागते.

संसदेने २०२० साली मंजूर केलेली आणि २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता या ठिकाणी बारकाईने वाचण्यासारखी आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा आता तिने घेतली आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास ती मनाई करते. वाचून बरे वाटते. पण मुख्य काम कोणते याची व्याख्या करताना, आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर झाडलोट, सफाई, सर्व प्रकारच्या कचऱ्याचे संकलन व विल्हेवाट, धुलाई हे काही मुख्य काम नव्हे, असे ती सांगते. कापडगिरणीत वा विमा कंपनीत हे कदाचित चालून जाईल. रुग्णालयात सफाई हे दुय्यम काम आहे, असे सेमेलवाइसनंतर पावणेदोनशे वर्षांनी भारताच्या कायद्याने ठरवावे, हे अद्भुत आहे. शस्त्रक्रियागृहाची फरशी पुसणे हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे, हे वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळते; ते कायदा करणाऱ्यांना कळले नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांना ते कळले होते, पण सफाईचे काम कोणत्या जातींतील माणसे करतात हेही त्यांना ठाऊक होते. ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत ठेवले त्याला कायद्याच्या व्याख्येतूनही गावकुसाबाहेर ठेवणे सोपे जाते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा हक्क महाराष्ट्राने दिला. पण मूळ पदच कंत्राटात विरघळले, तर वारसाने कोणत्या खुर्चीवर, किंवा खरे तर कोणत्या झाडूवर, हक्क सांगावयाचा?

२०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे, रिक्त पदे, रुग्णांची गर्दी अशा अनेक कारणांची तेव्हा चर्चा झाली. त्यानंतर एका खासदाराने तेथे जाऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. महाराष्ट्राने ते दृश्य पाहिले. एका आदिवासी समाजातील अधिकाऱ्याचा तो अपमान होता, अशी टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्या दृश्यात आणखी एक अपमान होता व त्याची फारशी चर्चा झाली नाही. झाडू हातात देणे ही शिक्षा आहे, असे लोकप्रतिनिधीने त्यातून सांगितले. जे काम राज्यातील हजारो स्त्री-पुरुष रोज उपजीविकेसाठी करतात, ते काम दुसऱ्याला लाज आणण्यासाठी वापरले गेले. त्या रुग्णालयाला सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांना पगार वेळेवर मिळतो का, हे प्रश्न विचारले असते, तर कॅमेऱ्यांना दाखविण्याजोगे काही घडले नसते, एवढे खरे.

साथीच्या काळात याच लोकांवर फुले उधळली गेली. २०२० च्या २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पाकळ्यांचा वर्षाव केला. त्या काळात केंद्राने पन्नास लाखांचा विमा जाहीर केला. त्यात डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार हे सारे एकाच रकमेचे धनी होते. या गोष्टीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कोविडने मेल्यास डॉक्टरचे आणि सफाई कामगाराचे मोल एकच, ५० लाख. जिवंत राहिल्यास मात्र पुन्हा दर्जा वेगळा आणि दर वेगळा. धोका सर्वांना सारखा असतो हे तत्त्व सरकारने मान्य केले ते प्रेतापाशी. वेतनाच्या पुस्तकात त्याच्या उलटा न्याय आहे. २०१७ साली केंद्राच्या रुग्णालयांतील परिचारिकेतर कर्मचाऱ्यांचा रुग्णसेवा भत्ता ठरला, तेव्हा आठव्या स्तरापर्यंत महिना ४,१०० रुपये आणि नवव्या स्तरापासून वर ५,३०० रुपये असा दर लावण्यात आला. जो जंतूच्या अधिक जवळ जातो त्याला जोखमीचा भत्ता कमी, आणि जो हुद्द्याने दूर सरकतो त्याला अधिक, हे गणित कोणत्या शास्त्रात बसते? आणि कंत्राटी कामगाराला तर हा ४,१०० चा आकडाही स्वप्नातला.

आठव्या आयोगापुढे या प्रश्नाची मांडणी करण्याची संधी आहे, तशी राज्यातही ती आणावी लागेल. जोखमीचा भत्ता हुद्द्यावर न ठरता कामाच्या जागेवर ठरावा आणि तो कंत्राटी कामगारालाही मूळ मालकाने, म्हणजे रुग्णालयाने, थेट द्यावा, ही मागणी न्याय्यही आहे आणि समजावयास सोपीही. शंभर खाटांमागे एक संसर्ग नियंत्रण परिचारिका हे मंजूर पद व्हावे, तिची श्रेणी वॉर्ड परिचारिकेच्या वर असावी आणि तिची बदली वा बडतर्फी रुग्णालय प्रमुखाच्या मर्जीवर राहू नये. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. २०२१ साली त्याचे नियम सुधारले गेले. नोंदणी आणि तिचे नूतनीकरण करताना २०१६ च्या समितीने सुचविलेले वेतन दिल्याचा पुरावा मागावयास काय हरकत आहे? इमारतीचा नकाशा आणि अग्निशमनाचा दाखला मागता येतो, तर हजेरीपत्रक आणि पगारपत्रकही मागता येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली रणधीर सिंग यांच्या खटल्यात आणि २०१६ च्या ऑक्टोबरात पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व उचलून धरले. सार्वजनिक रुग्णालयांतील कंत्राटी परिचारिका व कामगारांच्या बाबतीत ते लागू करून घेण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती चळवळीच्या आत. परिचारिकांची संघटना वेगळी, चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची वेगळी, कंत्राटी सफाई कामगारांची असलीच तर तिसऱ्याच झेंड्याखाली. परिचारिका संपावर जातात तेव्हा मावशी कामावर असते, आणि सफाई कामगारांचे तीन महिन्यांचे पगार थकतात तेव्हा परिचारिकांची संघटना निषेधाचे पत्रकही काढत नाही. काही ठिकाणी तर आपला दर्जा जपण्याच्या नादात खालच्याशी बरोबरी नको, अशीच भावना असते. जंतू मात्र श्रेणी पाहत नाही. परिचारिकेचे धुतलेले हात आणि सफाई कामगाराने पुसलेला खाटेचा कठडा यांतील एक जरी राहिले, तरी दुसऱ्याची मेहनत फुकट जाते. एका रुग्णालयातील या दोन्ही कामगारांचे संयुक्त मागणीपत्रक निघणे, त्यावर दोघींच्या सह्या होणे आणि ते अधीक्षकांच्या टेबलावर एकत्र जाऊन ठेवणे, हे काम कोणत्याही तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सुरू करता येईल. त्यासाठी पक्षाच्या कार्यकर्त्याने प्रथम दुपारच्या पाळीला, दोन वाजता, रुग्णालयाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहावयास हवे. कंत्राटी कामगार त्याच दाराने ये-जा करतात.